चवीपुरतं

आमच्या गावात शेतं आहेत, उगवत काही नाही.
पाठीशी उभा कडा, समोर आल्बर्ट सरोवर,
मधल्या चिंचोळ्या पट्टीत
दगड मांडून आखलेले मिठाचे वाफे.
कूळ बापाकडून येतं किबिरोत,
वाफा आईकडून.

सकाळी भुसभुशीत माती पसरायची.
ऊन दुपारभर खालचं खारं पाणी वर ओढत राहतं,
माती काळवंडते, ओलावते,
सावली कड्यावरून उतरायच्या आत खरवडून घ्यायची,
भोकाच्या मडक्यात भरायची, वरून पाणी.
खाली थेंब थेंब, कोऱ्या चहाच्या रंगाचं.
धुतलेली माती उद्या पुन्हा पसरायची.
तीच. आजीच्या आजीने पसरलेली.

आणि मग आईची करंगळी.
थेंबाखाली धरते, जिभेला लावते, डोळे मिटते.
"अजून एक मडकं."
किंवा नुसतंच, "चूल पेटव."
पातळ पाणी उकळलं तर लाकूड फुकट जातं,
आणि लाकूड डोक्यावरून येतं, कडा उतरून.
सगळ्या आळीचं पाणी तिच्या जिभेवरून जातं.
वरच्या गावातला ताबारो गुरांसाठी न्यायला येतो,
तोही आधी विचारतो, अब्वोलीने चाखलंय का?
(अब्वोली हे तिचं लाडाचं नाव.
आमच्याकडे नुसत्या नावाने हाक मारणं
म्हणजे भांडण काढणं.)

मी होइमात दुकानात होते सहा वर्षं.
आयोडीनची पाकिटं विकायची, अर्ध्या किलोची,
सगळी एकसारखी पांढरी.
आई एकदा आली होती तिथे. एक पाकीट फोडून चाखलं,
म्हणाली, "याला कुणी हात लावलेला नाही."
दुकानदाराला ती स्तुती वाटली.

या वर्षी तिचे पाय सुजले.
नर्स कुनिहिराने दंडाला पट्टा बांधला, फुगवला,
आकडा बघून पुन्हा फुगवला.
मग म्हणाली, "मीठ बंद."
आई हसली. बाहेर आल्यावर मला विचारलं,
"ही मुलगी कुठल्या गावची?"

दुकान सोडून मी परत आले.
पहिल्या दिवशी मडक्याखाली माझी करंगळी.
खारट लागलं. दुसरं पाणीही खारटच.
तिसरंही.
"कसलं खारट?" आई विचारते.
"म्हणजे?"
"मासा खारवायचं, की जखम धुवायचं,
की पाहुण्याच्या ताटातलं?"
मला एवढी खारटं माहीत नव्हती.
त्या दिवशीची लाकडं फुकट गेली.

मग ती चाखते आणि थुंकते.
साठ वर्षांत न थुंकलेली बाई,
तोंड बाजूला वळवून, पदराच्या टोकाने ओठ पुसून,
जणू कुणी बघितलं तर लाज जाईल.

रात्री नाचणीचा उकडलेला गोळा आणि मासा.
तिच्या वाटणीचा अळणी, वेगळ्या भांड्यात.
ती सगळं संपवते. काटे नीट एका बाजूला लावते.
चांगलं झालंय म्हणत नाही, वाईटही नाही.
मी विचारते, माझ्यात किती घालू?
"चवीपुरतं," ती म्हणते,
आणि तिचे डोळे माझ्या भांड्यावरून हलत नाहीत.

आमच्या भट्टीच्या खोपटाला मधे एक खांब आहे.
किती वर्षांची वाफ त्यावर बसून
पांढरा पापुद्रा धरलाय.
शेळ्या आत घुसतात, खांब चाटतात,
आई काठी घेऊन त्यांना हाकलते,
कबातेसी मावशीच्या शेळ्यांना जरा जास्तच.

काल पहाटे चूल लावायला गेले तर
ती आधीच आत होती, अंधारात,
खांबाला कपाळ टेकून, पाठमोरी.
मला वाटलं प्रार्थना करतेय.

मी बाहेरच थांबले.
एक शेळी माझ्या पायाशी येऊन उभी राहिली.
तिला हाकललं नाही.
मग मोठ्याने खोकले, लाकडं खाली टाकली,
आणि हळूहळू, एकेक करून,
उचलत बसले.